चाळीसचे अडतीस

दोन हजार चार सालचा डिसेंबर होता. उल्हासनगरात तेव्हा जीन्सचं काम इतकं होतं की कॅम्प चारच्या गल्ल्यांतून चालताना दोन्ही बाजूंनी शिलाई मशिनींची घरघर कानात बसायची, आणि नाल्याचं पाणी धुलाईच्या रंगाने निळं वाहायचं. शाळेतली पोरं चित्रातला नाला निळा रंगवायची. त्यांना कोण चूक म्हणणार?

त्याच गल्ल्यांमध्ये पालिकेची एक मराठी शाळा होती, आणि तिथला दुसरीचा वर्ग चांगुणाबाईंकडे होता. चांगुणाबाईंचं वय चोपन्न. रोज अंबरनाथहून रिक्षाने यायच्या, पिशवीत डबा, खडूची पेटी आणि एक स्टीलची फूटपट्टी. ही पट्टी त्यांच्या वडिलांची, भीमरावांची. भीमराव अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते आणि ती पट्टी त्यांनी तीस वर्षं वापरली होती. आकडे असे खोल कोरलेले की अंधारात बोट फिरवून वाचावेत. बाईंचा त्या पट्टीवर वडिलांइतकाच विश्वास होता.

त्या महिन्यात लांबी शिकवायची होती. पुस्तकात एक चित्र, खाली चार ओळी आणि ‘मोजा’ एवढा हुकूम. चांगुणाबाईंनी पुस्तक मिटलं.

“चला, बाक मोजायचा. वितीने.”

एकेचाळीस पोरं बाकांवर तुटून पडली. बबन नावाचा पोरगा दोनदा दुसरीत बसलेला, हाताने थोराड. त्याचा बाक सहा विती भरला. करिष्माचा नऊ.

“नऊ कुठं ग? सहा आहे!”

“माझा नऊच आहे. ये, मोजून बघ.”

“तुझी वीत आहे का चिमटा?”

“आणि तुझा हात आहे का फावडं?”

वर्गभर हसू फुटलं. चांगुणाबाईंना हेच हवं होतं. त्या म्हणाल्या, “आता सांगा, दुकानदार म्हणाला चार विती कापड देतो, तर कुणाच्या विती? बबनच्या का करिष्माच्या?”

“बबनच्या!” सगळी ओरडली. घेणाऱ्याचं शहाणपण पोरांना शिकवावं लागत नाही.

“आणि विकायचं असेल तर?”

“करिष्माच्या!”

मग पावलांनी व्हरांडा मोजला, काडीने खिडकी मोजली, सुतळीने एकमेकांची डोकी मोजली. दर वेळी उत्तरं वेगळी आणि दर वेळी भांडण. चार दिवसांनी पोरं स्वतःच म्हणायला लागली, “बाई, सगळ्यांना सारखं माप द्या ना.”

आता सारखं माप आणायचं कुठून? शाळेत एक लाकडी मीटरपट्टी होती, पण ती मोडून तिचे दोन तुकडे झाले होते, आणि त्यातला एक बालवाडीच्या दाराला अडसर म्हणून लावलेला. मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला तर ते म्हणाले, “बाई, मार्चनंतर बघू.” कोणत्या सालचा मार्च ते त्यांनी सांगितलं नाही.

चांगुणाबाई शाळा सुटल्यावर झेरॉक्सच्या दुकानात गेल्या आणि वडिलांची पट्टी काचेवर ठेवली.

दुकानातला मुलगा म्हणाला, “मावशी, पट्टी कागदापेक्षा लांब आहे. बारावा आकडा कापला जातोय.”

“असं कसं चालेल? मला बारा पूर्ण हवेत.”

“थांबा, बसवून देतो.”

त्याने दोन बटणं दाबली. कागद बाहेर आला तर शून्यापासून बारापर्यंत एकही आकडा न तुटता पट्टी आतमध्ये आलेली. बाई खूश झाल्या. “शाब्बास रे,” म्हणाल्या आणि पुरेशा प्रती काढायला सांगितल्या.

दोन दिवस त्यांनी घरी बसून पट्ट्या कापल्या. चार-चार जोडून एकेक लांब फीत केली, बाराच्या पुढचे आकडे लाल पेनने स्वतः घातले, थेट अठ्ठेचाळीसपर्यंत. मागून जुन्या कॅलेंडरचा जाड कागद चिकटवला. मुलगा बुद्धभूषण तेव्हा कॉलेजात होता. तो म्हणाला, “आई, बाजारात टेप मिळतो.”

“एकेचाळीस मिळतात का? आणि पोरांना फुकट मिळतात का?”

तो डिंक लावायला लागला.

वर्गात फिती वाटल्या तो दिवस चांगुणाबाई पुढे कधीच विसरल्या नाहीत. बाईंचं टेबल एकेकाने येऊन मोजलं आणि फळ्यावर आकडा लिहिला. चौतीस. चौतीस. चौतीस. बबननेही चौतीस, करिष्मानेही चौतीस. एकेचाळीस पोरं आणि उत्तर एकच. पोरं स्वतःवरच टाळ्या वाजवत होती. शेजारच्या वर्गावरचे प्रमोद सर दारात येऊन उभे राहिले. नोकरीला लागून दीड वर्ष झालेला पोरगेलासा माणूस.

“बाई, इंच कशाला शिकवताय? पुस्तकात सेंटिमीटर आहे.”

“पुस्तकात आहे, गल्लीत नाही. यांच्या घरात सगळं इंचातच चालतं. दुसऱ्या कडेला सेंटिमीटर आहे बघा.”

“तपासणीचे साहेब शुक्रवारी येतायत. त्यांना दुसरी कडच दाखवा,” प्रमोद सर हसत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी करिष्मा आईचा टेप घेऊन आली. “घरात मोजायचं जे असेल ते दाखवायला आणा” असं बाईंनीच सांगितलं होतं.

करिष्माची आई बनूबाई घरी मशिनवर जीन्सचं काम करायची. पँट शिवून यायची. बनूबाईने लांबी मोजून जादा कापड कापायचं आणि खालचं टोक दुमडून शिलाई मारायची. बनूबाई बदलापूरपलीकडच्या एका खेड्यातली, शाळेचा उंबरा न पाहिलेली. तिला आकडे येत नव्हते. म्हणून तिने टेपावर रंगीत दोरे शिवून घेतले होते. काम देणारा चंदूशेठ गठ्ठ्याला ज्या रंगाची दोरी बांधून पाठवायचा, टेपावर त्याच रंगाच्या दोऱ्यापर्यंत मोजायचं आणि कात्री चालवायची. नऊ वर्षांत एक पँट परत आली नव्हती.

बाईंनी तो टेप हातात घेतला. “करिष्मा, हा लाल दोरा कुठल्या आकड्यावर आहे? वाच बघू.”

करिष्माने बोट ठेवलं. “अडतीस.”

“आणि पिवळा?”

“चाळीस.” मग तिचे डोळे मोठे झाले. “बाई, पिवळा म्हणजे चाळीस? आईला माहीतच नाही!”

“मग तू सांग तिला.”

चांगुणाबाईंना वाटलं, चौतीस वर्षांच्या नोकरीचं हे फळ. आणि तिथेच त्यांना मोह झाला. शुक्रवारी साहेब येणार, भिंतीवर मांडणी करायची, त्यात हा दोऱ्यांचा टेप किती शोभेल.

“करिष्मा, आजच्या दिवस हा टेप इथे राहू दे. उद्या संध्याकाळी ने.”

“आईला लागेल, बाई. आज गठ्ठा येणार आहे.”

“मग तुझी फीत आईला दे. तू आकडा वाचून सांग. सारखंच आहे.”

सारखंच आहे, असं त्या बोलल्या. हे दोन शब्द.

भिंतीवर त्यांनी दोन खिळे ठोकले. एकावर बनूबाईचा टेप, शेजारच्यावर कागदाची फीत. दोन्ही खाली लोंबत होती, मधे जेमतेम टीचभर अंतर. टेपावर साठ इंच आणि फितीवर अठ्ठेचाळीस, त्यामुळे टेप खाली जास्त आला याचं कुणालाच काही वाटलं नाही.

शुक्रवारी साहेब आले, चहा घेतला, भिंतीकडे पाहिलं. पोरांकडून टेबल मोजून घेतलं. “सगळ्यांचं उत्तर सारखं! वा!” म्हणाले, शेरेबुकात ‘उत्कृष्ट उपक्रम’ असं लिहिलं आणि नमुना म्हणून दोन फिती घेऊन गेले. संध्याकाळी करिष्मा आईचा टेप घेऊन उड्या मारत घरी गेली.

सोमवारी करिष्मा आली नाही. दुसरा तास सुरू असताना बनूबाई दारात उभी राहिली. खांद्यावर एक जीन्स, हातात कागदाची फीत आणि गळ्यात तो टेप.

“बाई, आत येऊ का?”

“या ना. करिष्मा कुठाय?”

 बनूबाईने जीन्स बाईंच्या टेबलावर पसरली आणि फीत तिच्यावर ठेवली. “हे तुमचं कागद काय बोलतं ते वाचा. मना वाचता येत नय.”

बाईंनी वाचलं. “चाळीस.”

“आता हे.” तिने गळ्यातला टेप काढून त्याच जागी लावला. पँटचं टोक लाल दोऱ्याशी येऊन थांबलं. पिवळा दोरा पुढे रिकाम्या टेबलावर पडला होता.

चांगुणाबाईंनी टेप आणि फीत एकमेकांशेजारी लावली. शून्याला शून्य. एक इंचापाशी फरक कळतच नव्हता. पाचापाशी पाव इंच. दहापाशी अर्धा. चाळीसापाशी पूर्ण दोन इंच.  त्यांनी पिशवीतून वडिलांची पट्टी काढून लावली. पट्टी टेपाशी तंतोतंत जुळली. त्या पट्टीच्याच पोटातून आलेली फीत मात्र जुळली नाही. मग त्यांना झेरॉक्सवाला आठवला. बसवून देतो, म्हणाला होता. लांब पट्टी आखूड कागदात बसवायची तर ती लहान करूनच बसणार, हे तिसरीतल्या पोरालाही सुचलं असतं.

भीमराव म्हणायचे, “चांगे, काम मोजायच्या आधी पट्टी मोजावी.” रोज सकाळी कारखान्यात दुसऱ्या पट्टीशी ताडून मगच ते कामाला लागायचे. ती पट्टी चांगुणाबाईंनी जन्मभर सांभाळली. सांभाळायचं ते वाक्य होतं.

पहिल्या बाकावरून बबन म्हणाला, “बाई, आपली छोटी आहे.” कुणी हसलं नाही.

“किती पँटी, बनूबाई?”

“साठ. पिवल्या दोरीचा गठ्ठा, सगल्या कापल्या. पोरगी आकडा बोलत गेली, मी कात्री मारत गेले. पहिल्यांदा पोरीने शालेतला काय कामाला लावला म्हणून मी तिला लाडू दिला.” बनूबाईचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. “शेठने गठ्ठा बाजूला टाकला. काम बंद.”

“माझी चूक आहे. तुमची नाही, पोरीची तर नाहीच. मी बोलते शेठशी.”

“बोला,” बनूबाई म्हणाली आणि जीन्सची घडी घालून निघून गेली. फीत टेबलावर तशीच पडून राहिली.

दुपारी चांगुणाबाई कॅम्प तीनला चंदूशेठच्या कारखान्यात गेल्या. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, बारा मशिनी आणि दाराशी शेठची गादी. चंदूशेठ सिंधी, साठीचा, सभ्य माणूस. बाईंनी सगळं सांगितलं, झेरॉक्सच्या बटणांपासून. तो ऐकत राहिला. चहा मागवला.

“मॅडम, आप टीचर हो, आपको क्या बोलूँ. गलती तो किसीसे भी होती है.”

“मग तिला काम परत द्या. नुकसान माझ्याकडून घ्या.”

“नुकसानीचं सोडा. अडतीस का भी गिराईक मिलेगा, दोन महिने पडून राहील, बस. पण माल टायमावर गेला नाही ना, म्हणून पुढचा गठ्ठा मी शनिवारीच कौसाबाईला दिला. तिने मंगळसूत्र विकून मशीन घेतलंय माझ्या भरोशावर. आता तिच्या हातून काढून बनूला देऊ? तुम्हीच बोला, देऊ?”

 कौसाबाईची पोरगी पहिलीत होती, त्यांच्याच शाळेत. तिच्या केसांतली निळी रिबीन त्यांच्या डोळ्यांसमोर आली.

“पुढे कधी कमी पडलं तर बोलावीन,” शेठ म्हणाला. “पर वो खुद नहीं आयेगी. मी बोललो होतो, धागे कापायचं काम घेऊन जा. बोलली, ते देताय तर द्या, मापाचं नको. मापावर आता माझा भरोसा नाही.”

बाई उठल्या तेव्हा चहावर साय धरली होती.

तिथून त्या बनूबाईच्या खोलीवर गेल्या. दाराशी जीन्सचा ढीग होता आणि ढिगाच्या मागे करिष्मा, हातात धागे कापायची छोटी कात्री. शिवणीतून लोंबणारे धागे शोधायचे आणि कापायचे, हेच ते काम. आकडा नाही, माप नाही. बोटं लहान असली तर उलट बरं.

“करिष्मा, उद्या ये हं शाळेत. तुझी काही चूक नाही. तू बरोबर वाचलंस.”

करिष्माने मान वर केली नाही. “मी चाळीस वाचलं आणि ते अडतीस झालं.”

“पट्टी चुकीची होती ग बाळा.”

आता तिने पाहिलं. “पट्टी कशी चुकेल, बाई? तुम्हीच दिली होती.”

  चांगुणाबाईंनी पिशवीतून स्टीलची पट्टी काढली, झेरॉक्स म्हणजे काय ते सांगायला लागल्या, कागद लहान, पट्टी मोठी. करिष्मा ऐकत होती, पण पट्टीला हात लावायला तयार नव्हती. पुढे केली तसे तिने हात मांडीखाली घातले.

बनूबाई आतून पाणी घेऊन आली. “बाई, राहू द्या. घरी धागे कापंल. शालेत जाऊन चुकायचं ते घरी चुकलेलं बरं, कुनाचं नुकसान तरी नय.”

“बनूबाई, एका चुकीसाठी पोरीचं आयुष्य...”

“माझं काम नऊ वर्सं एका पिवल्या दोऱ्यावर चाललं. ते मी शालेत ठेवलं एक दिवस. मी पन चुकलेच ना.” मग ती म्हणाली, “पानी घ्या.”

त्या पाणी प्यायल्या. आणखी करायला काही नव्हतं.

त्या खोलीवर त्या पुन्हा दोनदा गेल्या. दुसऱ्या वेळी प्रमोद सरांना घेऊन गेल्या. सर चांगलं बोलणारे होते, खूप बोलले, बनूबाईने त्यांनाही पाणी दिलं. तिसऱ्या वेळी खोलीला कुलूप होतं. नवरा किसन बदलापूरला विटांच्या भट्टीवर होता, सगळी तिकडे गेली असं शेजारीण म्हणाली. पत्ता कुणाकडेच नव्हता.

साहेबांनी नेलेल्या दोन फिती चुकीच्या आहेत, त्या कुणाला वाटू नयेत, असं पत्र चांगुणाबाईंनी कार्यालयात दिलं. आवक नोंद झाली. मार्चमध्ये उत्तराऐवजी अभिनंदनाचं पत्र आलं, त्याच उपक्रमाबद्दल. त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी हजेरीपटात करिष्माच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ लिहून लाल रेघ ओढली. तोवर बाई रोज तिचं नाव पुकारत होत्या. पोरंच सांगायची, “बाई, ती नाही येणार.”

उरलेल्या चाळीस पोरांना त्यांनी सुतळीची मापं करून दिली, एकेक सुतळी स्वतः पट्टीशी ताडून. पोरांनी टेबल पुन्हा मोजलं. बत्तीस आणि थोडं. “बाई, हे तरी खरं का?” बबनने विचारलं. आधी असं कुणी विचारत नसे.

पुढे सगळे कुठे कुठे गेले. मुख्याध्यापक दुसऱ्या शाळेत बदलून गेले, मीटरपट्टी काही आली नाही. साहेब बढती मिळून ठाण्याला गेले. प्रमोद सर आता स्वतः मुख्याध्यापक आहेत आणि त्यांच्या शाळेत प्रत्येक वर्गाला टेप आहे. नवा आला की आधी दुसऱ्याशी लावून बघतात, शिक्षक हसले तरी. बबन सातवीनंतर रंगाच्या कामाला लागला आणि भिंती मापून पैसे घेतो. चंदूशेठचा कारखाना धुलाईची कामं बंद पडली तेव्हा थंडावला; त्याचा मुलगा त्याच खोलीत मोबाइलची कव्हरं विकतो. कौसाबाईने त्या कामावर दोन पोरी शिकवल्या. बनूबाई भट्टीवरच आजारी पडून वारली, हे चांगुणाबाईंना फार उशिरा कळलं.

चांगुणाबाई दोन हजार आठ साली निवृत्त झाल्या. बुद्धभूषणने बदलापुरात घर घेतलं तसं त्यांनी अंबरनाथ सोडलं. बऱ्याच वर्षांनी एकदा सून प्रीती म्हणाली, “आई, पलीकडच्या गल्लीत एक बाई पोलकी छान शिवते. चला, तुमचं देऊन येऊ.”

खोली लहान होती. मशिनवर विशी-बाविशीची एक बाई, मांडीवर मूल. तिने मूल खाली ठेवलं आणि सुतळीचा तुकडा घेतला. पाठ, छाती, दंड, एकेक माप सुतळीवर घेत गाठी मारत गेली. मान कलती करून बोटाने गाठ ओढायची ही लकब चांगुणाबाईंनी वर्गात सुतळीने डोकी मोजताना पाहिली होती.

“टेप नाही का ग तुझ्याकडे?” त्यांनी विचारलं.

“नाही, आजी. टेपचा काय भरोसा? गाठ खोटी बोलत नाही.”

“नाव काय तुझं?”

“करिष्मा.”

तिने ओळखलं नव्हतं. चांगुणाबाईंचे केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता. सांगायचं काय आणि कशाला, हे त्यांना ठरवता आलं नाही. प्रीतीने हिशेब विचारला, दिवस ठरवला, आणि दोघी घरी आल्या.

आठवड्याने पोलकं आलं. प्रीती बाहेर गेल्यावर चांगुणाबाईंनी कपाटातून भीमरावांची पट्टी काढली, आधी घरातल्या टेपाशी ताडून पाहिली, मग जुनं पोलकं आणि नवं पोलकं पलंगावर शेजारी पसरून मोजलं. पाठ चौदा आणि पाव. दंड साडेअकरा. दोन्हीचं सारखंच.